ताईच्या ‘नाही’ची चोरी

१

गुरुवारी सकाळी माझ्या ताईनं ‘नाही’चं बटण दाबलं आणि संगणकानं तिलाच नाही म्हटलं. पडद्यावर पाटी आली : ही फाइल उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा तीच पाटी. मग ती मुठीनं ठोकतच राहिली, बंद दार ठोकावं तशी. पलंगाच्या पायथ्याशी एक बॅग चेन लावून तयार होती. वर औषधांची पिशवी.

"ही कुणाची बॅग?" मी विचारलं.

"आईची," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे माझा भाचा, दातांचा डॉक्टर. "संध्याकाळी वृद्धनिवासाची गाडी येतेय. तिनंच ठरवलंय, मामा. तू उगाच चेहरा पाडू नकोस."

ताई ठोकत होती.

ताईचं स्वरयंत्र दोन वर्षांपूर्वी काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून ती श्वास घेते. ऑपरेशनच्या आधी ती माइकसमोर ठाण मांडून बसली आणि तिनं लागतील तेवढे शब्द, वाक्यं, वार, शिव्या, आशीर्वाद आपल्या आवाजात भरून ठेवले. घसा तेव्हाच खराब होता, त्यामुळे प्रत्येक शब्दाआधी ती खाकरली. तेही तसंच राहिलं. आता पलंगावर मोठ्या बटणांची पाटी आहे. बटण दाबलं की ताई आधी खाकरते, मग बोलते. मागाहून कंपवात आला. लिहिणं संपलं, आणि मान दिवसभर नाही-नाही अशी हलायला लागली. जेवायचं का विचारा, नाही. पंखा लावू का विचारा, नाही. तिच्या मानेवर आता कुणी विश्वास ठेवत नाही. उरली ती बटणं.

मी आयुष्यभर विम्याचे दावे तपासले. जळालेली गोदामं पाहिली, बुडालेला माल पाहिला. दावा खोटा असला की एक वास येतो. धुराचा नव्हे, फिनाइलचा. कुणीतरी आधीच जागा पुसून ठेवलेली असते.

त्या खोलीत मला तो वास आला.

२

या घराबद्दल एक सांगायला हवं. इथे फ्रिजमधल्या डब्यांवर नावं चिकटवलेली असतात. न्हाणीघरात साबण तीन, चपलांचे कप्पे तीन, प्रत्येकावर मालकी. थोरला, त्याची बायको आणि घरजावई अशी तीन माणसं एका छपराखाली शेजारी देशांसारखी राहतात. माझी भाची, म्हणजे जावयाची बायको, नोकरीसाठी परदेशी गेलेली. ती असती तर बॅग भरली गेलीच नसती.

संगणकावरही तेच. हॉलमध्ये एक मोठा संगणक आहे, घरातले बाकीचे लॅपटॉप त्याला जोडलेले. त्यात प्रत्येकाचं एक खासगी फोल्डर. ज्याचं त्यालाच उघडतं, दुसऱ्याला आत डोकावताही येत नाही. सगळ्यांना खुलं असं एकच फोल्डर : ‘आवाज’. त्यात ताई. तिचा लॅपटॉप जुना, केव्हा बंद पडेल याचा नेम नाही, म्हणून आवाज हॉलमध्ये ठेवलेला आणि बटण दाबलं की तो तिकडून यायचा.

ही सगळी जोडणी जावयाची. तो घरूनच काम करतो, कानांवर सतत ते मोठे हेडफोन. मी त्याला ओढून आणलं.

"रात्रीतून काहीतरी अपडेट झालं असणार," तो म्हणाला. हे वाक्य ही मंडळी डॉक्टरांच्या ‘व्हायरल आहे’सारखं वापरतात. त्यानं वायफाय बंद करून चालू केलं, लॅपटॉप झोपवून उठवला, पासवर्ड नव्यानं टाकला. हॉलमध्ये जाऊन ‘आवाज’ची परवानगी तपासली. "बघा मामा, आईंना परवानगी आहे. सगळ्यांना आहे. तरी उघडत नाही म्हणजे विंडोजचा दोष."

"फाइल खराब झाली असेल तर?"

"ते मी सांगतो," जिन्यावरून थोरला बोलला. खाली उतरता उतरताच त्यानं आपला लॅपटॉप उघडला. दाराची मूठ धरण्याआधी खिशातला ओला कागद काढून ती पुसली. ही त्याची सवय. जगाच्या तोंडात दिवसभर हात घालतो, पण आईच्या खोलीत उंबरठ्याच्या आत येत नाही. त्यानं बटण दाबलं.

"हो," ताईचा आवाज खोलीभर स्वच्छ घुमला. "नाही," तोही तसाच.

"माझ्याकडे वाजतंय. फाइल ठणठणीत आहे. आईचा लॅपटॉप मेलाय, एवढंच. तिथे तिला नवी सोय करून देतील."

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असतो तर जिन्यातच बसलो असतो. तो मूठ पुन्हा पुसून वर गेला.

३

लॅपटॉप मेला असेल तर सगळा मरायला हवा. अर्धा मेलेला माल मी कधी भरपाईला धरला नाही. म्हणून ताईजवळ बसलो आणि पाटीवरचं एकेक बटण दाबत गेलो.

खाकरून, "पाणी." खाकरून, "पाठ दुखतेय." खाकरून, "बुधवारी." मग ‘गुरुवारी’ दाबलं : परवानगी नाही. ‘शुक्रवारी’ दाबलं, ती खाकरली आणि बोलली. खाकरून, "गाडी शिकवतेस, घर चालवायला कधी शिकणार?" हे सुनेसाठी. सून मोटार शिकवण्याचा वर्ग चालवते. खाकरून, "चहात साखर घातलीस की नुसती दाखवलीस?" हेही सुनेसाठी. सुनेच्या नावे ताईनं बरंच जमा करून ठेवलंय.

सगळी पाटी बोलत होती. फक्त पाच बटणं मुकी होती. ‘हो’. ‘नाही’. ‘गुरुवारी’. ‘मला मान्य आहे’. आणि ‘सुखी राहा’.

मी ताईकडे पाहिलं. तिची मान हलत होती, नाही-नाही. पण डोळे स्थिर होते. ही पाच बटणं कुठला बिघाड निवडून काढेल? बिघाडाला आवडनिवड नसते. माणसाला असते.

बॅगेला वृद्धनिवासाचा टॅग बांधलेला होता, त्यावर नंबर. मी फोन लावला. व्यवस्थापिका गोड बोलणारी होती.

"हो, संध्याकाळी येतोय आम्ही. अर्ज ऑनलाइन आला होता, आजींच्याच नावानं. कंपवात आहे म्हणून लिहिलंय."

"गळ्याचं काही लिहिलंय?"

"नाही बाई. म्हणजे… नाही हो. का?"

"त्यांची संमती घेतलीत?"

"घेतली ना! आम्ही कुणाला मनाविरुद्ध आणत नाही, माझा नियमच आहे. परवा दुपारी मी घरच्या नंबरावर फोन केला, आजींनीच उचलला. विचारलं, तुम्हीच बोलताय ना? म्हणाल्या, हो. कुणाची जबरदस्ती? नाही. केव्हा न्यायला येऊ? गुरुवारी. नियम वाचून दाखवले, म्हणाल्या, मला मान्य आहे. मोजकं बोलल्या, पण आवाज कसा छान स्वच्छ! आणि फोन ठेवताना म्हणाल्या, सुखी राहा. मला भरूनच आलं हो."

मी फोन ठेवला. माझ्यासमोर गळ्याला भोक असलेली माझी बहीण बसली होती, जिनं परवा दुपारी फोनवर बोलून स्वतःला घराबाहेर काढलं होतं.

आशीर्वादसुद्धा चोरून वापरला.

४

सून दुपारी वर्ग आटोपून आली. आली ती सरळ ताईच्या खोलीत, हातमोजे घातले आणि कफ ओढायच्या यंत्राची बाटली काढून न्हाणीघरात ओतून आली. तोंडानं चालू होतं : "माझंच नशीब फुटकं, दुसऱ्या कुणाला नाकं नाहीत का या घरात."

"वृद्धनिवासाचं माहितीपत्रक पहिल्यांदा कुणी मागवलं?"

"मी," ती लगेच म्हणाली. "मागच्या महिन्यात. रागात. मग टाकून दिलं केरात. तुम्ही मला धरणार असाल तर धरा मामा, पण मग ही बाटली उद्यापासून कोण ओतणार तेही ठरवा."

"तुझ्या फोनवर ‘आवाज’ उघड."

तिनं उघडलं. नावं सगळी दिसली. ‘हो’वर बोट ठेवलं : परवानगी नाही. ‘चहात साखर’ मात्र वाजलं आणि ती हसली. "हे मी रोज दाबते. ऑपरेशनच्या आधी या असंच बोलायच्या. ऐकलं की घर चालू असल्यासारखं वाटतं."

"मग बॅग का भरलीस?"

तिचं हसू गेलं. "मला सांगितलं, आईंनी स्वतः हो म्हटलंय. मला राग आला, मामा. एवढी बाटल्या ओतते आणि यांना जायचंय! तर जा म्हटलं."

जावयाकडे गेलो. तो आपल्या खोलीत होता, टेबलावर मोजपट्टी.

"हे कशाला?"

तो लाल झाला. "आईंची खोली… म्हणजे त्या गेल्याच तर… माझं टेबल तिथे बसतं का बघत होतो."

"माणूस उठायच्या आत?"

मी मनातल्या मनात तिघांची बेरीज केली. एकीनं बॅग भरली, एकानं खोली मोजली, एकानं नवी सोय सांगितली. चोर एकच असेल, पण खोली सगळ्यांनीच रिकामी केली होती. मला त्या मोजपट्टीला हात लावावासा वाटेना.

त्याला परवाच्या फोनचं सगळं सांगितलं. "सगळे पासवर्ड तुझ्याकडे आहेत."

"आहेत."

"मग तूच कर ना कबूल."

"मी केलं असतं तर असं गबाळं केलं असतं का?" तो चिडला. त्याच्या हुशारीवर बोट ठेवलं तेव्हाच पहिल्यांदा त्याचा आवाज चढला, म्हणून मला तो खरा वाटला. "बघा, माझ्याकडेही ‘हो’ उघडत नाही! मालक मी, आणि मलाच परवानगी नाही!"

मी उठता उठता थांबलो. "तुझ्याकडे उघडत नाही. सुनेकडे उघडत नाही. ताईकडे नाही."

"हो ना, तेच तर म्हणतोय."

"मग उघडतं कुणाकडे?"

५

"पण थोरल्यांकडे वाजतंय म्हणजे ते सुटले ना?" जावई म्हणाला. "ज्याच्याकडे बिघाड नाही त्याचा संबंध नाही."

आम्ही सगळे दिवसभर तेच धरून बसलो होतो. दाव्यातही असंच होतं. ज्याचं घर जळलं त्याच्याकडे सगळे बघतात, आणि ज्याचा पडदासुद्धा जळला नाही त्याला चहा देतात.

"मला एक सांग," मी म्हटलं. "फोल्डर सगळ्यांना खुलं, आणि आतली फाइल एकालाच, असं होऊ शकतं?"

त्यानं हेडफोन काढून ठेवले. या घरात ही आदराची खूण आहे.

"फोल्डरला कुलूप असतं तसं प्रत्येक फाइललाही असतं. फाइल ज्या फोल्डरात नव्यानं तयार होते, तिथलं कुलूप तिला लागतं. मग त्याच संगणकावर ती तुम्ही ओढून दुसऱ्या फोल्डरात सरकवली, तर…" तो थांबला. "तर आधीचं कुलूप घेऊनच जाते."

"म्हणजे एखाद्यानं आपल्या खासगी फोल्डरात ‘हो’ नव्यानं तयार केला, आणि तो ‘आवाज’मध्ये जुन्याच्या जागी आणून ठेवला…"

"तर नाव तेच दिसणार, फोल्डर उघडणार, पण फाइल त्याच्या एकट्याकडेच वाजणार." त्यानं कपाळावर हात मारला. "मी फोल्डरची परवानगी बघत बसलो. फाइलची कोण बघतो!"

"पण नव्यानं कशाला तयार करायचं? होता तोच ‘हो’ फोनला ऐकवता आला असता," जावयानंच विचारलं.

त्याचं कारण मला माहीत होतं. सकाळीच मी ऐकलं होतं आणि व्यवस्थापिकेनंही सांगितलं होतं : स्वच्छ. पाटीवर ताई ‘पाणी’ म्हणायला खाकरते, ‘बुधवारी’ म्हणायला खाकरते. थोरल्याच्या लॅपटॉपवर मात्र ती एकदाही खाकरली नव्हती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

६

व्यवस्थापिका आत येईपर्यंत थोरला इस्त्रीच्या शर्टात खाली उतरला होता. मी त्याला ताईच्या पलंगाशी बोलावलं. उंबरठ्यावर तो अडखळला, पण लोकांसमोर आत यावंच लागलं.

"तुझ्या लॅपटॉपवर ‘पाणी’ वाजव," मी म्हटलं.

"आता? मामा, गाडी थांबलीय."

"वाजव."

ताई खाकरली आणि म्हणाली, "पाणी."

"आता ‘हो’."

त्याचं बोट थबकलं. सुनेनं पुढे होऊन दाबलं. "हो." स्वच्छ, धुतलेला, दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसवावा असा.

"खाकरणं कुठे गेलं?" मी विचारलं.

"जुनी फाइल आहे. एखादी असते तशी."

जावयानं हॉलमधून हाक मारली. सगळ्या हक्कांनिशी तो त्या फाइलीच्या आत शिरला होता. "वाचण्याची परवानगी एकाच नावाला. पाचही फाइलींना तेच नाव. सांगू का, की स्वतः सांगता?"

थोरल्यानं खिशातून ओला कागद काढला आणि बोटं पुसायला लागला. आधी डाव्या हाताची, मग उजव्या. मी त्याच्या हातांकडे बघत होतो.

"मी तिच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "तिला इथे कोण नीट बघतं? तिनं आपण होऊन कधी हो म्हटलंच नसतं."

"म्हणून तिच्या तोंडून तू म्हणवलंस."

"शब्द तिचेच आहेत ना! मी फक्त साफ केले. तो घाणेरडा आवाज फोनवर कोण ऐकेल? मलाच ऐकवत नाही. शिसारी येते मला." त्यानं आईकडे न बघता मान वळवली. "उलट फाइली साफ केलेल्या होत्या म्हणून काल रात्री त्याच ‘आवाज’मध्ये ठेवल्या. म्हटलं, जुन्यापेक्षा चांगल्या. त्यात मी काय वाईट केलं?"

हे ऐकून सुनेनं हातातला टॉवेल खाली टाकला. बाटली ओतताना मी तिच्या तोंडावर जे पाहिलं नव्हतं ते आता होतं. तिला नवऱ्याची किळस आली होती.

"आणि सकाळपासून ती ‘नाही’ ठोकत होती तेव्हा?" तिनं विचारलं.

"ते मी मुद्दाम केलेलं नाही. आपोआप बंद पडलं होतं."

खरं होतं ते. कुलूप त्यानं लावलं नव्हतं. लागलेलं आयतं मिळालं, आणि तो वर जाऊन शर्टाला इस्त्री करत बसला. मला चोरीपेक्षा त्या इस्त्रीची जास्त घाण वाटली.

व्यवस्थापिका बिचारी भिंतीला टेकून उभी होती. "पण मी तर यांच्याशी… मग मी कुणाशी बोलले?"

"झालं," जावई दारात येऊन म्हणाला. "आईंना परवानगी दिली. पण मामा, जुने शब्द गेले. दुसरी प्रत होती, तीही रात्री आपोआप नव्यानं बदलली गेली. हे पाच असेच राहणार."

व्यवस्थापिका ताईच्या पलंगाशी वाकली. तिचा नियम होता आणि ती तो पाळत होती, एवढं मी तिच्या खात्यात जमा धरतो. "आजी, तुम्हीच सांगा आता. यायचंय का माझ्याबरोबर?"

ताईची मान हलली, नाही-नाही. ती काय, नेहमीच हलते. व्यवस्थापिका थांबून राहिली. ताईनं मूठ उचलली आणि बटणावर आपटली.

"नाही," स्वच्छ आवाज म्हणाला.

"हाच!" व्यवस्थापिका दचकली. "परवा हाच बोलत होता."

ताईचं तोंड वाकडं झालं. कुणाची तरी कवळी धुऊन आपल्या तोंडात बसवावी तसं. क्षणभर वाटलं, ती रडणार. तिनं थोरल्याकडे बघितलं. मग दीर्घ श्वास घेतला, पलंगाची कड धरली, आणि गळ्याच्या भोकातून अशी खाकरली की खिडकीवरचं पाखरू उडालं. लांब, ओलं, घरघरतं. त्यातला एक थेंब थोरल्याच्या इस्त्रीच्या शर्टावर जाऊन बसला.

आणि लगेच तिनं बटण दाबलं.

"नाही."

आता तो तिचा होता. खोलीत कुणालाही शंका उरली नाही.

"कळलं, आजी," व्यवस्थापिका म्हणाली आणि बॅगेचा टॅग स्वतःच्या हातानं सोडला. सुनेनं वाकून बॅगेची चेन उघडली. जावई मोजपट्टी मागे लपवत भिंतीकडे सरकला.

थोरला ओला कागद घेऊन शर्ट पुसत होता. पुसेल तसा डाग पसरत होता. ताईनं ते नीट पाहिलं, पाटी मांडीवर ओढली आणि पुन्हा एकदा घसा साफ करून घेतला. तिला अजून बरंच बोलायचं होतं.